वाकडातिकडा, तरीही ५०० वर्षं उभा : लिटिल मोर्टन हॉल

इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात, काँगल्टन शहराजवळ एक जुना वाडा आहे. त्याचा फोटो पाहिला की कॅमेरा तिरका धरला होता की काय, अशी शंका येते. भिंती फुगलेल्या, खिडक्या कललेल्या. पण कॅमेरा सरळच असतो, वाडाच वाकडा आहे.

नाव आहे लिटिल मोर्टन हॉल. जमीनदार मोर्टन घराण्याने तो सुमारे १५०४ ते १६१० या काळात टप्प्याटप्प्याने बांधला. भोवती पाण्याचा खंदक, मध्ये दगडगोट्यांचं अंगण. अंगणाकडच्या खिडक्यांवर १५५९ साल कोरलेलं आहे आणि मालकाबरोबर रिचर्ड डेल या सुताराचंही नाव!

वाडा उभा कशावर आहे?

ओकच्या लाकडी सांगाड्यावर. सगळा भार खांब आणि तुळया पेलतात. मधल्या जागा काठ्या विणून, त्यावर माती लिंपून भरायच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारख्या.

मग वाकला कसा?

सुमारे १५६० नंतर सर्वांत वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन चढवलं गेलं. लांबी जवळपास २१ मीटर. पावसाळी हवेत घरातल्या घरात फेऱ्या मारायला अशी दालनं तेव्हा श्रीमंतांच्या घरी असत. त्यावर छप्पर घातलं जड दगडी फरशांचं. खालचा सांगाडा एवढ्या वजनासाठी बांधलेलाच नव्हता. तुळया दबल्या, खालचे मजले वाकले.

तरी पडला का नाही?

लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यात लाकडी खुंटी ठोकायची, अशी या सांगाड्यांची पद्धत होती. असे सांधे थोडे हलतात, पण सहसा तुटत नाहीत. एक खांब दबला तर भार शेजारच्यांवर जातो. पुढे मात्र आधाराची गरज पडलीच. वरच्या दालनाला पोलादी सळयांनी आधार दिला गेला, तो बहुधा १८९२ नंतर वारसदार एलिझाबेथ मोर्टन यांनी.

गरिबीनेही वाचवलं

सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात मोर्टन घराणं राजाच्या बाजूने होतं. राजा हरला आणि घराण्याची सांपत्तिक घडी विस्कटली. पुढे वाडा शेतकऱ्यांना भाड्याने गेला. पाडून नव्या पद्धतीचं घर बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं तसंच राहिलं. १९३८ मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे आला. आज पर्यटक तो बघायला येतात, आणि सगळ्यात जास्त फोटो निघतात ते त्या वाकड्या भिंतींचेच.