दम, उंची आणि संप्रेरके

प्रस्तावना

बिदरचे आपले पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे-सातशे मीटर उंच. एवढ्या उंचीची शरीर फारशी दखल घेत नाही. पण इथल्या सडकेवर पहाटे धावून भरतीची तयारी करणारा तरुण उद्या लेहला, साडेतीन हजार मीटरवर पोहोचतो, तेव्हा त्याच्या रक्तातली संप्रेरके बदलू लागतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे महार रेजिमेंटचे जवान म्हणून सियाचीनला राहिले. पुढे त्यांनी कोलोरॅडो स्प्रिंग्जला, सुमारे १,८०० मीटरवर सराव केला आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले. पदकाचे श्रेय उंचीला देणे घाईचे ठरेल. मात्र धावपटू उंची का शोधतात, या प्रश्नापासून हे शास्त्र सुरू होते.

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजनचा वाटा एकवीस टक्केच असतो. कमी होतो तो दाब. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडतो. मूत्रपिंडातल्या पेशींना ही टंचाई जाणवते आणि काही तासांतच एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक वाढते. दोन-तीन दिवसांत ते शिगेला पोहोचून उतरू लागते. तांबड्या पेशींची खरी भर पडायला मात्र आठवडे लागतात. पेशींना ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चे नोबेल मिळाले.

व्यायामाचा कारभार याहून वेगवान. धावू लागताच अ‍ॅड्रिनलिन वाढते, इन्सुलिन घटते, ग्लुकागॉन यकृतातली साखर मोकळी करते. श्रम लांबले की कॉर्टिसॉलही चढते. तोच वेग उंचावर राखायचा तर अ‍ॅड्रिनलिन आणखी वाढते, कारण तिथे शरीराची कमाल क्षमताच घटलेली असते.

म्हणून या विषयात शिरताना एक सवय लावून घ्यावी: वेळ विचारल्याखेरीज कोणताही आकडा वाचू नये. लेहला पोहोचून दोन दिवस झालेल्या जवानाचे हिमोग्लोबिन वाढलेले दिसते, पण ती नव्या पेशींची कमाई नसते. शरीरातले पाणी घटून रक्त दाट झालेले असते. महिन्याने तोच आकडा दिसला, तर त्याचा अर्थ वेगळा.

बारावीचे जीवशास्त्र एवढी शिदोरी इथे पुरेशी आहे. काम भरपूर शिल्लक आहे: आजवरचा बराच अभ्यास तरुण पुरुषांवर झाला. स्त्रियांच्या मासिक पाळीतली संप्रेरके उंचीवर कशी वागतात, याची उत्तरे अजून तोकडी आहेत. भालकी-आळंदच्या मुलींनी हा प्रश्न हाती घ्यावा, अशी मनापासून इच्छा आहे.