नेमलेले, पण निवडून आलेले

मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलातल्या वऱ्हाडच्या सभासदांची १९२० नंतरची कायदेशीर नोंद चमत्कारिक आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ जिल्ह्यांतून मतदान होऊन आलेली ही माणसे कागदावर गव्हर्नरने ‘नेमलेली’ ठरतात. घाईने वाचणारा त्यांना सरकारी नेमणुकांत मोजून मोकळा होईल आणि वऱ्हाडातल्या गावोगावच्या खातेदारांनी टाकलेली मते इतिहासातून पुसली जातील.

या नोंदीचे मूळ तहनाम्यांत आहे. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात लॉर्ड कर्झनने तोच प्रदेश वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला, पण निजामाचे सार्वभौमत्व त्याच करारात पुन्हा मान्य केले. पुढल्या वर्षी, १ ऑक्टोबर १९०३ ला, वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. कारभार नागपूरचा आणि मालकी हैदराबादची, अशी ही व्यवस्था. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हतेच.

१९१९ च्या सुधारणा कायद्यापुढे म्हणून पेच पडला. जो मुलूख आपला नाही, तिथले प्रतिनिधी आपल्या कौन्सिलात निवडून येतात असे लिहायचे कसे? तोड निघाली ती अशी: वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, तिच्या निकालानुसार गव्हर्नरने त्या सभासदांची नेमणूक करायची आणि असे नेमलेले सभासद कौन्सिलाचे निवडून आलेले सभासदच समजायचे. माझ्या मते हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आहे. नेमणुकीचा शब्द निजामाच्या सार्वभौमत्वासाठी घातला होता. मतदाराचा हक्क त्याने कमी होत नव्हता.

हा मतदार अर्थात सगळा गाव नव्हता. हक्क मुख्यतः मालमत्तेवर आणि सरकारी साऱ्यावर ठरे. भूमिहीन मजूर बाहेरच राहिला. तरी मध्य प्रांतातल्या मालगुजारीपेक्षा वऱ्हाडची रयतवारी वेगळी होती. इथे कुणबी शेतकरी स्वतःच्या नावाने सारा भरत असे आणि त्या पावतीमागे मताचा अधिकार उभा राहू शकत असे. ग्रामीण वऱ्हाडच्या पुढच्या राजकारणाचा पाया मला इथे दिसतो.

या ‘नेमलेल्यां’चे वजन किती होते, ते अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांच्यावरून कळते. स्वराज्य पक्षाचे तांबे १९२५ साली कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली आणि पक्षात उभी फूट पडली. प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकारच्या प्रतिसादाप्रमाणे त्याच्याशी सहकार्य करण्याचा, वाद त्यातूनच पेटला. १९२९ मध्ये काही काळ ते प्रांताचे हंगामी गव्हर्नरही होते.

इकडे हैदराबादची मागणी थांबली नव्हती. ऑक्टोबर १९२३ मध्ये निजाम उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉयकडे वऱ्हाड परत मागितले आणि वऱ्हाडच्या लोकांना अंतर्गत स्वायत्तता देण्याची तयारी त्या पत्रात दाखवली. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या उत्तरात मागणी साफ फेटाळली. त्या वर्षीच्या निवडणुकीत वऱ्हाड पुन्हा नागपूरच्या कौन्सिलासाठीच मतदान करीत होते. १९३० च्या निवडणुकीतून पंजाबराव देशमुख कौन्सिलात गेले आणि मंत्री झाले. पापळसारख्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, त्याआधी अमरावती जिल्हा कौन्सिलाचा अध्यक्ष. त्यांची वाट याच मतदारांमधून गेली.

१९३५ च्या कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा एकच गव्हर्नरी प्रांत मानला. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व तोंडदेखले उरले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ किताब मिळाला. १९३७ ला ११२ जागांच्या विधानसभेत वऱ्हाडचे सभासद इतरांसारखेच निवडून आले.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकाराने भूमिहीन मजूर आणि सर्व प्रौढ स्त्रियाही यादीत आल्या, पण सभागृह बदलत राहिले. दर्यापूरचा किंवा मूर्तिजापूरचा शेतकरी १९५२ ला मध्य प्रदेशाच्या विधानसभेसाठी, १९५७ ला द्वैभाषिक मुंबई राज्यासाठी आणि १९६२ ला महाराष्ट्रासाठी मत देऊन आला. मधल्या काळात, १९५५ मध्ये, राज्य पुनर्रचना आयोगाने आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाचीही शिफारस केली होती. म्हणून वऱ्हाडातल्या कोणत्याही मतदारसंघाचे जुने निकाल शोधणाऱ्याने नागपूर, भोपाळ आणि मुंबई अशा तिन्ही ठिकाणचे कागद पाहावेत, आणि १९२० ते १९३० च्या याद्यांतले ‘नेमलेले’ वऱ्हाडकर निवडून आलेल्यांत मोजावेत.