कुंडलिकेच्या भरतीवर निघालेली माणसे

रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमी. मधून कुंडलिका वाहते आणि पुढे रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. पूल ओलांडायला आज दोन मिनिटे लागतात. नगरपरिषदेनेही दोन्ही गावांना 'रोहा-अष्टमी' असे एकाच नावात बांधून टाकले आहे. पण रस्ते नव्हते तेव्हा या भागातल्या माणसाला नदी ओलांडण्यापेक्षा नदीतून येण्याजाण्याचे महत्त्व जास्त होते. चौल-रेवदंड्याकडून निघालेले मचवे आणि पडाव भरतीबरोबर खाडीत वर चढत आणि अष्टमीला माणसे आणि माल उतरवून ओहोटीबरोबर परत फिरत. इथून पुढे बैल, डोली किंवा स्वतःचे पाय.

अशा प्रवासाचे वेळापत्रक आकाशात असे. खाडीकाठच्या माणसाला तिथी सांगा, तो भरतीची वेळ सांगेल. हिशेब साधा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीनच्या सुमाराला. खाडीत जितके आत जाल तितकी वेळ थोडी पुढे सरकते, तेवढे अनुभवाने धरायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी भरपूर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी तोकडे आणि भरलेला पडाव गाळात रुतण्याचा धोका. त्यामुळे माणसे मध्यरात्री उठून निघायला, बंदरावर वळकटीला टेकून चार तास काढायला आणि दिवसा मिळेल तेव्हा झोपायला शिकत. घाई करून उपयोग नसतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असे.

या बंदराचे नाव इंग्रजांच्या कागदांत फार लवकर आले. १६७४च्या मे महिन्यात मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील शिवाजी महाराजांच्या भेटीला रायगडाकडे निघाला. तो आधी चौलला आला, तिथून नावेने अष्टमीला, मग निजामपूरमार्गे गडाच्या पायथ्याच्या पाचाडला. जॉन फ्रायर या डॉक्टरच्या प्रवासवर्णनात ही हकीकत आहे आणि त्यात अष्टमीचे नाव 'एस्थेमी' असे इंग्रजी वळणाने पडले आहे. महाराज प्रतापगडाच्या भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून वकिलाला पाचाडला थांबावे लागले. ६ जूनला राज्याभिषेक झाला आणि ऑक्झिंडेनने तो डोळ्यांनी पाहिला.

त्या वर्णनातला एक प्रसंग राज्याभिषेकाइतकाच मोलाचा आहे. गडावरची माणसे डाळ-तांदळाची खिचडी आणि तूप खाऊन तृप्त असत. इंग्रजांना मात्र मांस हवे. त्यांच्यासाठी बोकडाचे मांस पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता. कित्येक वर्षांत झाली नव्हती एवढी विक्री या थोड्या दिवसांत झाली, तेव्हा हे गिऱ्हाईक आहे तरी कोण हे पाहायला तो एवढ्या वयात गड चढून आला. ज्या मुलखात पाहुणा म्हणून गेला तिथले अन्न न खाता आपलेच ताट बरोबर नेणारा प्रवासी म्हणजे ऑक्झिंडेन. तो महिनाभर राहिला, तह करून गेला, पण खाण्यापिण्यात तसूभरही बदलला नाही. वाटेने माणूस बदलतोच असे नाही. पुष्कळदा तो आपल्या सवयी गाठोड्यात घट्ट बांधून नेतो आणि तशाच परत आणतो.

याच पट्ट्यातल्या एका माणसाला मात्र असे न बदलता परत येणे जमले नाही, आणि त्याचे ते न जमणे मराठी वाङ्मयाला लाभले.

पेण तालुक्यातले वरसई हे विष्णुभट गोडसे यांचे गाव. जन्म १८२७चा. भिक्षुकीचे घर, डोक्यावर कर्ज. उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि त्यात लाखो रुपये खर्च होणार, अशी बातमी आली. एवढ्या दक्षिणेतला थोडा वाटा मिळाला तरी कर्ज फिटेल, या हिशेबाने तिशीतले विष्णुभट आपल्या चुलत्यांबरोबर जायला निघाले. वडिलांच्या मनात परमुलखाची धास्ती होती. मुलगा भांगेच्या नादी लागेल, तिकडेच गुंतून पडेल, असे त्यांना वाटे. ती दूर केल्यावरच परवानगी मिळाली. साल होते १८५७.

त्या काळच्या भिक्षुकाचा प्रवास कसा असे, हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय विष्णुभटांची गोष्ट नीट कळत नाही. खांद्यावर पडशी, तीत धोतर, पळी-पंचपात्र, देवपूजेचे साहित्य. हातात लोटा आणि दोरी, कारण विहीर कुठेही भेटेल पण पोहरा भेटेलच असे नाही. पाणी स्वतः काढायचे, अंघोळ केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, स्वयंपाक स्वतः किंवा स्वजातीयाच्या हातचा. म्हणून गावोगाव कोरडा शिधा मागायचा आणि देवळाच्या ओवरीत तीन दगडांची चूल मांडायची. जिथे चूल पेटवणे शक्य नाही तिथे भिजवलेले पोहे कामाला येत; पेण आज पोह्या-पापडांसाठी नावाजलेले आहे. दिवसाची मजल शिध्यावर आणि पाण्यावर ठरे. कोणत्या गावात अन्नछत्र आहे, कोणता सरदार विद्वानांना मान देतो, कोणत्या घरी श्राद्ध आहे, हाच त्या माणसाचा नकाशा.

हा नकाशा घेऊन चुलते-पुतणे निघाले आणि महूच्या आसपास पोहोचेपर्यंत शिपायांच्या तोंडून काडतुसांची आणि होऊ घातलेल्या उठावाची गोष्ट त्यांच्या कानावर आली. मथुरेचा यज्ञ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. मजल दरमजल करत, मिळेल ती दक्षिणा गोळा करत ते ग्वाल्हेरला आणि तिथून झाशीला गेले. राणी लक्ष्मीबाईंच्या पदरी त्यांना आश्रय मिळाला, मान मिळाला, पैसाही मिळाला. मार्च १८५८मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडले. कत्तलीचे आणि लुटीचे ते दिवस विष्णुभटांनी लपून काढले. लूट कशी क्रमाक्रमाने झाली, हे त्यांनी टिपून ठेवले आहे. आधी सोने-चांदी गेले, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे आणि धान्य. कर्ज फेडण्यासाठी जमवलेले सारे द्रव्य त्यात गेले.

झाशीतून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पुन्हा राणी भेटल्या. अंगावर पुरुषी वेश, चेहरा धुळीने माखलेला, घशाला कोरड. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर राणींनी त्यांना थांबवले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुमच्याकडून पाणी काढवून घेणे योग्य नाही, असे म्हणून त्यांनी दोरी-भांडे आपल्या हातात घेतले आणि ओंजळीने पाणी प्यायल्या. आपल्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, तरी हे सारे अंगावर घेतले, असे त्या बोलल्याचे विष्णुभटांनी लिहिले आहे. लढाईची हकीकत अनेकांनी लिहिली. राणीच्या हातातली विहिरीची दोरी पाहायला मात्र स्वतः लोटा-दोरी घेऊन हिंडणारा माणूसच तिथे असावा लागला.

पुढे ब्रह्मावर्त, प्रयाग, काशी असे करत तीनेक वर्षांनी ते वरसईला परतले. हाती द्रव्य नव्हते. खांद्यावर कावड होती, बांबूच्या दोन टोकांना गंगेचे पाणी. कर्ज फेडायला गेलेला मुलगा आईवडिलांना गंगाजलाने स्नान घालायला आला. एवढ्या लांबून, बंडाळीने विस्कटलेल्या मुलखातून, पायी, खांदा बदलत पाणी आणणे ही त्याच्या तीन वर्षांची एकच शिल्लक होती, आणि ती त्याने हिशेबात धरली.

प्रवासाने या माणसाचे काय केले? कर्मठपणा गेला नाही. स्नान-संध्या सुटली तर त्याची हळहळ लिखाणात दिसते. बदलली ती नजर. वरसईत राहिला असता तर यजमानाच्या घरची पंगत एवढेच त्याचे जग झाले असते. वाटेने त्याला अनोळखी माणसाकडे पाहायला लावले. शिपाई, सरदार, वेश्या, व्यापारी, गोरे सोल्जर, सगळ्यांकडे तो आधी सावधपणे आणि मग कुतूहलाने पाहतो. शिवाय भिक्षुकाची मोजण्याची सवय होतीच. कोणी किती दिले, कुठे काय खाल्ले, कोणत्या घराला किती चौक, हे सारे त्याच्या डोक्यात कायम राहिले. त्या काळचे बरेच बखरकार घराण्यांच्या गौरवात गुंतून पडतात. विष्णुभट ताट, पाणी, कपडा आणि रुपया यांच्या आधाराने इतिहास सांगतात. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

हे त्यांनी आपणहून लिहिले नाही. चिंतामण विनायक वैद्य यांच्या घराचे ते उपाध्याय. वैद्यांनी आग्रह धरला, मोबदला देऊ केला, तेव्हा १८८३च्या सुमारास, म्हणजे परतल्यावर वीस वर्षे उलटून गेल्यावर, त्यांनी आठवणी कागदावर उतरवल्या. विषय बंडाचा, राज्य इंग्रजांचे. विष्णुभट हयात असेपर्यंत ते बाड छापले गेले नाही. १९०७मध्ये वैद्यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केले, तेही आपल्या हाताने बदल करून. मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये काढली.

याच खाडीपट्ट्यातून आणखी एक समाज लांबच्या प्रवासाला गेला, तो मात्र बहुतांशी परत आला नाही. बेने इस्रायली ज्यू इथे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर. एकोणिसाव्या शतकात त्यांतले बरेच जण मुंबईला, लष्करात, रेल्वेत गेले. १९४८नंतर बहुसंख्य इस्रायलला. तिथे लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत ते वसले. नवसाला किंवा मंगलकार्याला मलिदा करतात, तो तिथेही होतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नावी या प्रेषिताचे स्मरण करतात. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघत आले आहे. अष्टमी न पाहिलेल्या नातवाच्या ओळखपत्रावर अष्टमीचे नाव आहे आणि त्याच्या सणाच्या ताटात कोकणातले पोहे आहेत.

आणि रोह्यातच १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी प्रवासाची एक नवी शिस्तच घालून दिली. त्यांच्या स्वाध्याय परिवाराच्या भक्तिफेरीत माणसे गावोगाव जातात, पण तिकीट स्वतःचे, भाकरी स्वतःची, यजमानाकडून काही घ्यायचे नाही. विष्णुभटांचा सारा प्रवास दक्षिणेवर आणि शिध्यावर उभा होता. शंभर वर्षांनी त्याच मातीतल्या, वेदान्ताच्या परंपरेत वाढलेल्या शास्त्र्याने प्रवाशाचा हात घेणारा नसावा असा नियम केला. कोळी, आगरी, शेतकरी अशा ज्या घरांत पंडित आजवर घेण्यासाठीच आला, तिथे काहीही न मागणारा पाहुणा आला, तर त्याचे बोलणे ऐकले जाते, हे आठवल्यांनी नेमके ओळखले. त्यांच्या कामाला १९९६मध्ये मॅगसेसे आणि १९९७मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला.

आता भरतीची पाऊणपट करायला फारसे कोणी बसत नाही. पेणकरांचे अंतोरा बंदर आणि अष्टमीचा धक्का मागे पडले, रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि तिथूनच १९९८मध्ये पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेचा आरंभ झाला. रोहा-दिवा गाडीने रोज पनवेल-ठाण्याकडे जाणारी माणसे पहाटेच्या अंधारात डबा भरतात, ठरलेल्या डब्यात ठरलेल्या मंडळींशेजारी बसतात, आणि रविवारीही त्यांना त्याच वेळेला जाग येते.

पेण, रोहा, अष्टमीच्या जुन्या घरांत अजून अशी माणसे आहेत, ज्यांनी रेवस-धरमतरच्या लाँचने मुंबई गाठली, मुंबईत गिरणीत काम केले, आखातात नोकरी केली किंवा नातलगांना इस्रायलसाठी निरोप दिला. माळ्यावर मोडीतली बाडे असतील, पोस्टकार्डे असतील, जमाखर्चाच्या वह्या असतील. विष्णुभटांचा प्रवास वाचला तो वैद्यांनी त्यांना बसवून लिहायला लावले म्हणून. वाचकांपैकी ज्यांच्या घरात असे आजी-आजोबा आहेत, त्यांनी या दिवाळीत त्यांच्यासमोर वही ठेवावी, किंवा मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपून घ्यावे. वाटेत काय खाल्ले आणि कुठे झोपलात, इथून विचारायला सुरुवात करावी. लिहून झालेले कागद आणि माळ्यावरची बाडे जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोहोचवावीत.