पाया खोदण्याआधी हद्द कायम करा : शाळा, मदरसा, वसतिगृहाच्या जागेची मोजणी आणि मंजुरी

जमातीनं वर्षभर चंदा गोळा केला. जागा ठरली. पायाभरणीला पाहुणे आले, दुआ झाली, जेसीबी लागला. आणि चार दिवसांनी शेजारचा शेतकरी बांधावर येऊन म्हणतो, "तुमचा खड्डा माझ्या गटात आहे." काम थांबतं. सळई गंजते, सिमेंटची पोती दगड होतात, आणि ज्यांनी पैसे दिले ते विचारायला लागतात. हे चित्र आपल्या भागात नवं नाही. अशा वेळी शेजारी दरवेळी खोटंच बोलत असतो असंही नाही. बऱ्याचदा दोघांनाही हद्द नक्की कुठे आहे हे माहीत नसतं.

म्हणून हा लेख. कराड तालुक्यातलं उंब्रज डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे, पण सातारा-सांगलीतल्या कोणत्याही गावाला तो लागू पडेल.

उंब्रजसारख्या गावात गुंता का होतो

उंब्रज पुणे-बंगळूर महामार्गावर, कृष्णाकाठी आहे. इथून पाटणकडे आणि मसूरकडे रस्ते फुटतात. त्यामुळे जागेला भाव आहे आणि एकेका गुंठ्यावर नजर आहे. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये बागायती रान आणि जुनं गावठाण. शाळेला किंवा वसतिगृहाला मोकळी जागा हवी, म्हणून ती बहुधा गावठाणाबाहेर शेतात घेतली जाते. तिथे हद्द दाखवायला फक्त बांध असतो, आणि बांध दर वर्षी नांगराबरोबर थोडा थोडा सरकतो.

हिशेब करून बघा. शंभर मीटर लांबीचा बांध एकाच बाजूला एक मीटर सरकला तर शंभर चौरस मीटर, म्हणजे एक आर जागा गेली. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101 चौरस मीटर. बघता बघता जवळजवळ गुंठाभर जागा इकडची तिकडे झालेली असते.

दुसऱ्याची वीतभर जमीनही नाहक घेऊ नये, याबद्दल हदीसमध्ये किती कडक ताकीद आहे हे आपल्याला माहीत आहे. मस्जिदे नबवीच्या जागेचा किस्साही आपण लहानपणापासून ऐकतो. ती जागा सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. ती फुकट देऊ केली गेली, तरी पैगंबर साहेबांनी (सल्ल.) किंमत देऊनच ती घेतली. त्याच मस्जिदीच्या आवारात पुढे सुफ्फा, म्हणजे तालीम घेणाऱ्यांची राहण्याची जागा झाली. काम कितीही नेक असो, जागेचा व्यवहार आधी साफ असला पाहिजे.

आधी कागद : जागा कोणाच्या नावावर आहे?

मोजणीच्या आधी चालू सातबारा, 8-अ आणि जागेचे सगळे जुने फेरफार काढा. गट नकाशाही काढा. जुन्या सर्व्हे नंबरांचे एकत्रीकरण योजनेत गट झाले, त्यासाठी 1947 चा कायदा होता. त्या वेळी काही ठिकाणी क्षेत्र किंवा नकाशात चुका राहिल्या. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि नकाशावरचं क्षेत्र जुळतं का, हे पहिल्याच दिवशी बघा. पोटखराबा किती आहे तेही बघा.

जागा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका बघा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे. त्याला मालकीचा पक्का पुरावा समजू नका. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली, त्यातून अनेक गावांत सनद आणि मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत.

आता आपल्या लोकांची नेहमीची चूक. संस्था शेतकरी नसते, आणि कुळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती कटकट नको म्हणून जमात पैसे गोळा करते आणि जमीन एखाद्या विश्वासू ट्रस्टीच्या नावावर घेते. माणूस नेक असतो, पण त्याचा इंतकाल झाला की सातबाऱ्यावर वारस लागतात. मुलगे, मुली, बेवा, सगळ्यांचा विरासतीत हक्क येतो. त्यातला एक जरी म्हणाला की ही आमच्या वालिदांची जमीन, तर जमातीच्या हातात काय पुरावा आहे? म्हणून उशीर झाला तरी चालेल, परवानगी घेऊन जागा संस्थेच्याच नावावर करा.

मोजणीचा अर्ज

मोजणी सरकारी हवी. खासगी सर्व्हेअरनं केलेली मोजणी आराखड्यासाठी उपयोगी पडते, पण हद्दीच्या वादात ती टिकत नाही. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात होतो. उंब्रजसाठी ते कार्यालय कराडला. ई-मोजणी प्रणालीतून ऑनलाइन अर्जही करता येतो. अर्ज करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असावं लागतं.

कोणती मोजणी हवी ते अर्जात नीट लिहा. हद्द कायम मोजणीत गटाची हद्द जागेवर दाखवून दिली जाते. पोटहिस्सा मोजणीत एकाच गटातले हिस्से वेगळे होतात. बिनशेती मोजणी शेताचा वापर बदलताना लागते. मोठ्या गटातला तुकडाच संस्थेनं घेतला असेल तर फक्त बाहेरची हद्द कळून उपयोग नाही, आपला हिस्साही नकाशावर आला पाहिजे.

अर्जाला चालू सातबारा जोडा. चारी बाजूंच्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते द्या. हा रकाना लोक घाईत भरतात आणि तिथेच पुढची भांडणं सुरू होतात. शेजारी मयत असेल तर त्याच्या वारसांची नावं द्या. नोटीस ज्याला मिळालीच नाही, तो उद्या मोजणी मान्य नाही म्हणू शकतो.

फी क्षेत्रावर आणि घाईवर ठरते. नियमित आणि द्रुतगती असे प्रकार आहेत, द्रुतगतीची फी जास्त असते. चलन भरलं की मोजणीची तारीख मिळते.

मोजणीच्या दिवशी

भूकरमापक येतो तेव्हा संस्थेचे दोन-तीन जबाबदार लोक हजर ठेवा. पन्नास जणांचा घोळका नको. घोळका दिसला की शेजाऱ्याला दडपण वाटतं आणि समजुतीनं मिटणारी गोष्ट वादात जाते. गावातले दोन जाणते पंच बोलवा, त्यात शेजाऱ्याच्या विश्वासाचा एक असू द्या.

या भागातल्या हद्दींचा पाया इंग्रजांच्या काळातल्या मोजणीत आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापुरात काम सुरू केलं, आणि 33 फुटांच्या साखळीनं शेतं मोजण्याची पद्धत मुंबई इलाख्यात रुजली. आज साखळीऐवजी रोव्हर आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत, पण भूकरमापक जुनी टिपणं, फाळणी आणि गट नकाशा घेऊनच उभा राहतो. त्याला जुने दगड, विहीर, ओढा, तिकाटणं दाखवा. कुठला दगड कोणी हलवला असेल तर तेही खरं सांगा.

मोजणी झाल्यावर हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात, पंचनामा आणि जबाब होतात. हजर शेजाऱ्याची सही घ्यायचा आग्रह धरा. त्याच दिवशी खुणांवर पक्के दगड किंवा सिमेंटचे खांब पुरा आणि फोटो काढून ठेवा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. हद्दीच्या खुणा पाडणं किंवा हलवणं हा जमीन महसूल संहिता 1966 प्रमाणे दंडाचा विषय आहे.

नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. हाच तुमचा कागद. तो लॅमिनेट करा, स्कॅन करा, आणि मूळ प्रत एकाच माणसाच्या घरी राहू देऊ नका.

मोजणी मान्य नसेल तर

तुम्हाला किंवा शेजाऱ्याला मोजणी चुकीची वाटली तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. त्यानंतर सुपर निमताना जिल्हा अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या पातळीवर होते. मालकीचाच वाद असेल तर मात्र तो मोजणीनं सुटत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं. शेजाऱ्यानं निमताना मागितली तर ती होईपर्यंत त्या बाजूचं काम थांबवा. इमारत आत सरकवणं आज स्वस्त आहे, भिंत पाडणं उद्या महाग पडतं.

रस्त्याचंही आधी बघा. जागेला वहिवाटीचा रस्ता नकाशात नसेल तर संहितेच्या कलम 143 प्रमाणे बांधावरून रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण तो शेतीसाठीचा रस्ता असतो. शाळेच्या बसला आणि अग्निशमनच्या गाडीला पुरेसा रुंद रस्ता खरेदीखतातच पाहिजे.

जागा वक्फची असेल तर

कब्रस्तान, ईदगाह किंवा दर्ग्याच्या जमिनीवर शाळा बांधायचा विचार अनेक जमाती करतात. इथे मुतवल्लीची तोंडी परवानगी पुरत नाही. वक्फ कायदा 1995 नुसार वक्फ मिळकतीचे व्यवहार बोर्डाच्या मंजुरीशिवाय करता येत नाहीत. वक्फनाम्यात जागा कशासाठी दिली आहे, तेही वाचा.

2025 च्या दुरुस्तीनंतर नवा वक्फ तोंडी करता येत नाही, लेखी वक्फनामा लागतो. वक्फ मिळकतींची माहिती 'उमीद' पोर्टलवर भरायची आहे, ते जून 2025 मध्ये सुरू झालं. या कायद्याच्या काही तरतुदींना सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2025 मध्ये अंतरिम स्थगिती दिली, त्यामुळे पाऊल टाकण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत फायद्याची आहे : आपल्या कब्रस्तानाची आणि ईदगाहची हद्द कायम मोजणी आजच करून घ्या. भांडण लागल्यावर केलेल्या मोजणीपेक्षा शांततेत झालेली मोजणी जास्त कामाला येते.

बांधकामाची परवानगी

जागा शेतीची असेल तर बिनशेती वापराचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींना संहितेच्या कलम 42-ड मध्ये सोपी वाट दिली होती. हे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून अर्जाच्या वेळी तहसील कार्यालयात चालू नियम विचारून घ्या.

गावठाणाबाहेरच्या बांधकामाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला म्हणजे सगळं झालं असं समजू नका. जिल्हाधिकाऱ्यांची विकास परवानगी लागते आणि नकाशे नगररचना कार्यालय तपासतं. त्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली बघितली जाते. लहान घरांना जी सूट आहे, ती शाळेला लागू होईल असं गृहीत धरू नका.

आपल्या भागात तीन गोष्टींकडे खास लक्ष द्या.

पहिली, महामार्ग. रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं, आणि महामार्गावरून थेट वाट काढायला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते.

दुसरी, नदी. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. 2019 आणि 2021 चा पूर कृष्णाकाठानं बघितला आहे. स्वस्तात मिळणारी नदीकाठची जागा का स्वस्त आहे, ते आधी विचारा.

तिसरी, भूकंप. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप शेजारच्या पाटण तालुक्यातला. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडा आणि दाखला इथे फाईल जाड करण्यासाठी नसतो, आत मुलं झोपणार असतात.

2004 मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेच्या आगीत 94 मुलं गेली. त्यानंतर शाळांच्या सुरक्षेबद्दल सुप्रीम कोर्टानं सक्त आदेश दिले. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळेला मैदान, मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि कुंपण लागतं. हे सगळं जागेत बसतं का, ते 'क' प्रतीवरच मोजून बघा.

आणि नकाशात जे दाखवाल तेच बांधा. प्रार्थनास्थळाच्या परवानगीची वाट वेगळी आहे. शाळेची मंजुरी घेऊन दुसरंच काही उभं केलं तर चालू शाळाही अडचणीत येते.

गावाला आधी सांगा

कायद्याचा कागद हातात असला तरी गावात राहायचं असतं. रयत शिक्षण संस्थेची सुरुवात 1919 मध्ये याच कराड तालुक्यातल्या काले गावात झाली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली. शाळा ही सगळ्या गावाची असते, ही आपल्या मातीची जुनी समजूत आहे.

म्हणून ग्रामसभेत स्वतः जा. इमारत किती मजली, मुलं किती, सांडपाणी कुठे जाणार, गाड्या कुठे लागणार, हे साध्या शब्दांत सांगा. मंजूर नकाशा जागेवर फलकावर लावा. लोकांना माहिती मिळाली नाही की तिथे अफवा भरते. कोणी हरकत घेतली तर तिची लेखी प्रत मागा आणि लेखी उत्तर द्या. अधिकाऱ्यानं नकार दिला तर तोही कारणासह लेखी घ्या, म्हणजे अपील करता येतं. हरकत सांडपाण्याची किंवा रस्त्याची असेल तर ती खरी असू शकते, आराखडा बदलून ती सोडवा.

क्रम असा ठेवा

कागद तपासणी, जागा संस्थेच्या नावावर, हद्द कायम मोजणी, पक्के खांब, 'क' प्रत, मग आर्किटेक्टचा नकाशा, बिनशेती आणि विकास परवानगी, आणि सगळ्यात शेवटी पायाभरणी. आपण नेमकं उलटं करतो. पाहुण्यांची तारीख आधी घेतो आणि मोजणीची नंतर.

चंद्याचा प्रत्येक रुपया अमानत आहे. कुणी मजुरीतून दिला, कुणी बेटीच्या लग्नासाठी ठेवलेल्यातून दिला. तो कोर्टाच्या तारखांत गेला तर त्याचा जबाब ट्रस्टींनाच द्यावा लागेल, इथेही आणि आखिरतमध्येही. मोजणीचे काही महिने जातील, जाऊ द्या. शेजाऱ्याच्या सहीनं उभी राहिलेली भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते.