परतीचे भाडे : गिरमिटियांच्या मायदेशी परतण्याचा इतिहास

गिरमिटावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मजुरी-करारावर, परदेशी जाणाऱ्या भारतीय मजुराच्या करारात मजुरी, कामाचे तास आणि शिधा यांच्याबरोबर आणखी एक कलम असे. मुदत संपल्यावर त्याला मायदेशी परत कधी आणि कोणाच्या खर्चाने नेले जाईल, हे त्यात लिहिलेले असे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. तेव्हापासून १९१७ साली भरती थांबेपर्यंत दहा लाखांहून अधिक भारतीय मॉरिशस, ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद, जमैका, नाताळ, सुरिनाम, फिजी अशा वसाहतींत गेले. परतायचे की तिथेच राहायचे, हा प्रश्न त्यांतल्या प्रत्येकापुढे कधी ना कधी उभा राहिला. त्याचे उत्तर मजुराने स्वतः दिले असले, तरी तो प्रश्न कोणत्या अटींवर पुढे यावा हे मळेवाले आणि वसाहतींची सरकारे ठरवत होती. हा इतिहास समजून घेताना त्या अटींपासूनच सुरुवात करावी लागते.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामी १८३३ च्या कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना नवे हात हवे झाले. लिव्हरपूलचे व्यापारी जॉन ग्लॅडस्टन यांनी कलकत्त्याच्या एका पेढीमार्फत मजूर मागवले. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे मे १८३८ मध्ये ब्रिटिश गयानाला पोहोचली. तिथल्या छळाच्या बातम्या इंग्लंडात येताच गुलामीविरोधी मंडळींनी आवाज उठवला आणि १८३९ साली हिंदुस्थान सरकारने ही वाहतूक बंद केली. पुढच्या काही वर्षांत ती पुन्हा सुरू झाली ती सरकारी देखरेखीखाली. परतीच्या कलमाला खरे वजन आले ते इथे. ठरावीक मुदतीनंतर माणूस मोकळा होतो आणि त्याला घरी पोचवले जाते, एवढ्याच आधारावर ही पद्धत गुलामीपेक्षा वेगळी आहे असे सांगता येत होते.

मळेवाल्यांच्या वहीत मात्र हे कलम खर्चाच्या बाजूला होते. पाच वर्षांत ऊसतोडणीत तयार झालेला, तिथल्या हवेला सरावलेला मजूर त्यांना नव्या मजुरापेक्षा कितीतरी मोलाचा होता. त्याला परत पाठवायचे म्हणजे एक भाडे त्याच्यासाठी आणि दुसरे त्याच्या जागी येणाऱ्यासाठी. म्हणून हे कलम कसे लांबवता येईल किंवा विकत घेता येईल, याचे प्रयत्न जवळपास प्रत्येक वसाहतीत झाले. मॉरिशसने १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नव्या मजुरांचा मोफत परतीचा हक्क काढून टाकला. त्रिनिदाद आणि ब्रिटिश गयानात पाच वर्षांच्या गिरमिटानंतर आणखी पाच वर्षे वसाहतीतच राहण्याची अट आली. परतीचा प्रवास दहा वर्षांनंतरच मिळू लागला. १८९८ नंतर तिथे येणाऱ्या पुरुषाला परतीच्या भाड्याचा अर्धा आणि स्त्रीला तिसरा हिस्सा स्वतःच्या खिशातून भरावा लागे. मळ्यावरच्या मजुरीत ही रक्कम साठवायला वर्षे लागत.

दुसरा मार्ग आमिषाचा होता. त्रिनिदादचे गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्या काळात, १८६९ पासून, परतीचा हक्क सोडणाऱ्याला दहा एकर सरकारी जमीन देण्याची योजना सुरू झाली. पुढे तिचे रूप बदलले, जमीन कमी झाली, काहींना थोडी जमीन आणि रोख रक्कम मिळाली आणि १८८० मध्ये योजना थांबली. तोवर बेटाच्या मधल्या भागात भारतीय शेतकऱ्यांची गावे उभी राहिली होती. हेच गॉर्डन नंतर मॉरिशसचे आणि पुढे फिजीचे गव्हर्नर झाले. फिजीत भारतीय मजूर आणण्याचा निर्णय त्यांचाच. पहिले जहाज ‘लिओनिडास’ तिथे मे १८७९ मध्ये पोहोचले. डच सुरिनामने १८९५ पासून हक्क सोडणाऱ्यास शंभर गिल्डर आणि जमिनीचा तुकडा देऊ केला. उत्तर भारतातल्या ज्या कुटुंबांकडे बिघाभर जमीनही उरली नव्हती, त्यांना स्वतःच्या नावाची जमीन हा मोठाच मोह होता, आणि त्यात गैर काही नव्हते. वर्षांमागून वर्षे राबून कमावलेला हक्क मात्र त्यांनी बहुधा फार स्वस्तात दिला.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत वारे उलटे वाहिले. तिथल्या गोऱ्या वसाहतकारांना भारतीय मजूर हवा होता, भारतीय शेजारी नको होता. सुरुवातीच्या कायद्याने परतीच्या भाड्याऐवजी जमीन घेण्याची मुभा दिली होती, ती १८९१ मध्ये काढून घेण्यात आली. वसाहतीला स्वशासन मिळाल्यावर १८९५ च्या कायद्याने, गिरमिट संपवून न परतणाऱ्या आणि नवे गिरमिटही न करणाऱ्या प्रत्येकावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवण्यात आला. त्या काळी नव्या मजुराला महिन्याला दहा शिलिंग मिळत. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, अर्ध्या वर्षाची मजुरी. पुढे हा कर बायकामुलांवरही आला. पुन्हा मळ्यावर जा, नाहीतर जहाजावर चढा, एवढाच त्याचा अर्थ.

या कराविरुद्धच्या लढ्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी नाताळसाठीची मजूरभरती बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला आणि मंजूर करून घेतला. मार्च १९१२ मध्ये गिरमिटाची सगळी पद्धतच संपवावी असा ठराव त्यांनी आणला. तो सरकारी मतांनी पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले, आणि कर रद्द होईल असे आश्वासन मिळाल्याच्या समजुतीने परतले. तसे आश्वासन दिलेच नव्हते अशी भूमिका तिथल्या सरकारने घेतली. १९१३ मध्ये गांधींच्या नेतृत्वाखाली हजारो मजुरांनी संप केला आणि १९१४ च्या कायद्याने कर गेला. पण त्याच कायद्यात एक नवी तरतूद होती. जो भारतीय दक्षिण आफ्रिकेत राहण्याचा हक्क कायमचा सोडेल, त्याला मायदेशाचे भाडे सरकार देणार होते.

प्रत्यक्षात किती जण परतले? मॉरिशसला सुमारे साडेचार लाख लोक गेले, त्यांपैकी अंदाजे एक तृतीयांश परत आले. सुरिनामच्या ३४ हजारांतही प्रमाण जवळपास तेवढेच. फिजीच्या साठ हजारांपैकी सुमारे २४ हजार परतले. ब्रिटिश गयानाला दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास आणि त्रिनिदादला दीड लाखाच्या जवळपास माणसे गेली. तिथून परतणाऱ्यांचे प्रमाण आणखी कमी. या आकड्यांवरून बाकीचे सगळे खुशीने राहिले असे म्हणता येत नाही. मुदत संपण्याआधी मळ्यावरच मेलेले, भाडे भरू न शकलेले, जहाजाची वाट पाहून थकलेले आणि पुन्हा गिरमिटात अडकलेले असे सारेच त्या ‘बाकी’त मोडतात.

मजुराचा स्वतःचा हिशेब कसा असे, हे सरकारी कागदांतून अर्धेमुर्धेच दिसते, तरी त्याचे धागे ओळखू येतात. परतणाऱ्यांपैकी काही जण खरोखर पैसा बाळगून येत. मजूर आपली बचत वसाहतीच्या खात्यात ठेवत, ती कलकत्त्यात उतरल्यावर मिळे. चांदीची नाणी वितळवून केलेले दागिने अंगावर असत. अशांना कर्ज फेडता येई, गहाण जमीन सोडवता येई. पण त्याच जहाजात म्हातारे, अपंग, कामाला निरुपयोगी ठरवलेले लोकही कोंबलेले असत, कारण मळ्यांना त्यांचा भार नको असे. कॅरिबियनहून कलकत्त्याचा शिडाच्या जहाजाचा प्रवास महिनोन्महिने चाले आणि त्यांतल्या काहींना किनारा दिसतही नसे.

जातीचा प्रश्न पैशाशी जोडलेला होता. समुद्र ओलांडलेला माणूस बाटला असे गाव मानत असे, पण ते बाटणे कायमचे नव्हते. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणामुळे पुढे नावारूपाला आलेले जॉर्ज ग्रियर्सन यांनी १८८३ साली बंगाल इलाख्यातून होणाऱ्या स्थलांतरावर अहवाल लिहिला. परतलेला माणूस जातभाईंना पंगत घालून पुन्हा जातीत येऊ शकतो, हे त्यांना बिहारच्या जिल्ह्यांत दिसले. ही पंगत घालायची ऐपत असेल त्याच्यासाठी दार उघडे होते. रिकाम्या हाताने आलेल्याला वाळीत राहावे लागे, आणि पैसेवाल्याची पंगतीनंतरही सुटका नसे. नातलगांच्या मागण्या बचत संपेपर्यंत चालत.

ज्याने वसाहतीत संसार मांडला होता, त्याची अडचण पंगतीने सुटणारी नव्हती. मजुरांच्या प्रत्येक तुकडीत दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम होता. भरतीच्या डेपोत, जहाजावर, मळ्यावर जमलेली लग्ने पुष्कळदा जातीबाहेरची असत. अशी बायको आणि परदेशात जन्मलेली मुले घेऊन बस्ती, गाझीपूर किंवा शाहाबाद जिल्ह्यातल्या गावात जाणे म्हणजे पुरुषाने त्यांना टाकावे, नाहीतर गावाने त्या सगळ्यांना. स्त्रियांसाठी हा हिशेब अधिक कठोर होता. गिरमिटावर गेलेल्यांत विधवा, टाकलेल्या, सासर सोडून निघालेल्या स्त्रिया बऱ्याच होत्या. त्यांना परतायला माहेर होते ना सासर. फिजी किंवा त्रिनिदादमध्ये राहण्याच्या त्यांच्या निर्णयाकडे देश विसरणे म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. देशाने त्यांच्यासाठी काही राखलेच नव्हते.

मॉरिशसला मुंबई बंदरातूनही मजूर गेले. त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले मराठी लोक होते. परतीचा मोफत हक्क तिथे लवकर बंद झाला आणि १८५० च्या दशकात मुंबईत गिरण्या सुरू झाल्यावर कोकणातल्या माणसाला काम शोधण्यासाठी हिंदी महासागर ओलांडण्याची गरजही कमी झाली. आधी गेलेले बहुतेक तिथलेच झाले. त्यांची भाषा घरातून ओसरत गेली, पण गणेश चतुर्थी टिकली. ती आज मॉरिशसची सार्वजनिक सुट्टी आहे.

परतलेल्यांची खरी परवड कलकत्त्यात दिसली. हुगळीच्या काठी गार्डन रीचला जहाज लागे. तिथून गावी पोचेपर्यंत दलाल आणि भामटे बरेच काही काढून घेत. गावाने न स्वीकारलेले, किंवा गावात जीव न रमलेले अनेक जण पुन्हा त्याच बंदराकडे येत. जवळच्या मटियाबुर्जमध्ये, जिथे अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली, तिथे अशा लोकांची वस्ती झाली. फिजी, त्रिनिदाद, ब्रिटिश गयानातले डेमेरारा, सुरिनाम अशा सगळीकडून परतलेली माणसे हिवतापाने आणि उपासमारीने खंगत पुन्हा जहाज मिळण्याची वाट पाहत. भरती चालू होती तोवर त्यांतले काही जण नवे गिरमिट करून दुसऱ्याच वसाहतीत जात. १९१७ नंतर तो रस्ताही बंद झाला. फिजीतल्या भारतीय मजुरांच्या १९२० च्या संपानंतर परतणाऱ्यांची संख्या वाढली आणि मटियाबुर्जचे हाल गांधींचे सहकारी सी. एफ. अँड्र्यूज यांच्यासारख्यांनी लोकांपुढे आणले. लेखक व्ही. एस. नायपॉल यांनी त्रिनिदादहून १९३१ साली ‘गँजिस’ जहाजाने परतलेल्यांबद्दल लिहिले आहे. तेच जहाज पुढच्या वर्षी कलकत्त्याला आले तेव्हा आधीचे प्रवासी आम्हाला परत न्या म्हणून त्यावर धावून गेले.

सगळ्यांचे परतणे असे झाले नाही. फिरोजाबादकडचे तोताराम सनाढ्य १८९३ साली फसवून फिजीला नेले गेले आणि १९१४ मध्ये परतले. त्यांच्या आठवणी बनारसीदास चतुर्वेदी यांनी हिंदीत शब्दबद्ध केल्या आणि त्या पुस्तकाने गिरमिटाविरुद्धच्या चळवळीला बळ दिले. तोताराम पुढे साबरमती आश्रमात राहिले. त्यांना परतल्यावर एक काम मिळाले आणि आधार देणारी माणसे मिळाली. सामान्य मजुराच्या वाट्याला हे दोन्ही येत नव्हते.

दक्षिण आफ्रिकेत परतपाठवणी हे सरकारी धोरणच झाले. १९२७ च्या केप टाउन करारात भारत सरकारनेही तिला साथ दिली. प्रौढाला भाड्याशिवाय वीस पौंड, मुलाला दहा पौंड, आणि तीन वर्षांच्या आत बोनस परत करून आफ्रिकेत पुन्हा येण्याची मुभा. कागदावर हे उदार वाटते. पण मद्रासला उतरलेल्यांत कित्येक जण आफ्रिकेतच जन्मलेले होते. त्यांना हवा मानवली नाही, मजुरी फार कमी पडली आणि बोनस काही महिन्यांत संपला. मग तो परत करून जाणार कसे? भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी या लोकांमध्ये फिरून १९३१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वसाहतीत जन्मलेल्यांना भारतात पाठवणे म्हणजे त्यांना बरबाद करणे, हा त्याचा रोख होता. संन्यासी स्वतः जोहान्सबर्गमध्ये गिरमिटियाच्या पोटी जन्मलेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. परतलेल्यांची हकिगत नाताळपर्यंत पोहोचली तशी योजनेत नाव देणाऱ्यांची संख्याही घटत गेली.

करारातल्या हक्काने परतणाऱ्यांना घेऊन ब्रिटिश गयानातून ‘रिसर्जंट’ हे अखेरचे जहाज १९५५ साली निघाले. त्यानंतर प्रश्न वंशजांचा उरला. मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी भारताने १९९९ मध्ये एक ओळखपत्र आणि २००५ नंतर ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) नोंदणी सुरू केली. गिरमिटियांचे वंशज मात्र पिढ्यांच्या मर्यादेमुळे आणि जुने कागद नसल्यामुळे बहुधा बाहेर राहिले. मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या भेटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ही सोय देण्याची घोषणा केली. पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो तेव्हा मॉरिशसमधली कुटुंबे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जातात. जहाजातून उतरलेल्या मजुराचे नाव, गाव आणि जात लिहिलेल्या आप्रवासी खात्याच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत.