'वेंट' कुणाचा?

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवून 'गो' म्हणा. तो 'वेंट, गॉन' असं पुटपुटून पुन्हा कुशीवर वळेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलेले आजोबा असोत, पाचवीत एबीसीडीला हात घातलेली आमची पिढी असो, की 2000 सालानंतर पहिलीतच इंग्रजी शिकू लागलेली मुलं असोत, पाढ्यासारखी ही चाल सगळ्यांच्या तोंडी बसलेली. त्यातला 'गॉन' निदान 'गो'च्या तोंडवळ्याचा आहे. 'वेंट'मध्ये मात्र 'गो'चं एक अक्षर नाही. वर्गात कुणी तसं विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "अनियमित आहे, पाठ कर."

पाठ केलं. पण 'वेंट' अनियमित नाही. तो दत्तक आहे.

त्याच्या जन्मघरी सगळं शिस्तीत होतं. 'वेंड' नावाचं एक जुनं इंग्रजी क्रियापद आहे. 'सेंड'चा 'सेंट', 'बेंड'चा 'बेंट', 'लेंड'चा 'लेंट', 'स्पेंड'चा 'स्पेंट', तसाच 'वेंड'चा 'वेंट'. पाचही भावंडं एका साच्यातली. हे 'वेंड' निघालं 'वाइंड'पासून, म्हणजे गुंडाळणे, वळसे घेणे. आपल्याकडे 'पडणे'चा स्वर लांबवून 'पाडणे' होतं आणि 'मरणे'चं 'मारणे', तसं तिकडे आतला स्वर बदलून 'वळणे'चं 'वळवणे' झालं. जर्मनमध्ये 'वेंडेन'चा अर्थ आजही वळवणे असाच आहे. इंग्रजीत मात्र वळवता वळवता माणूस स्वतःच वळला, वाटेला लागला आणि 'वेंड' म्हणजे निघणे, मार्गस्थ होणे असं झालं. चौदाव्या शतकात चॉसरने कँटरबरीच्या यात्रेकरूंची गोष्ट लिहिली. तिच्या सुरुवातीलाच इंग्लंडच्या कानाकोपऱ्यातून कँटरबरीकडे निघालेल्या लोकांसाठी त्याने हेच क्रियापद वापरलं आहे, आणि तेही वर्तमानकाळात.

आता दत्तक घेणाऱ्या घराकडे वळू. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, 'गो'चं रूप होतं 'गान'. त्याचा भूतकाळ? 'एओदे'! म्हणजे तेव्हाही तो परक्या घरचाच होता, कारण 'एओदे' हे 'गान'च्या धातूपासून आलेलं नाही. 'गो'ला स्वतःचा भूतकाळ असल्याचा जुन्या इंग्रजीत मागमूस नाही; आधी एक दत्तक, तो थकल्यावर दुसरा. एखाद्या संस्थानाच्या गादीचा इतिहास वाचतोय असं वाटतं.

'एओदे' झिजत झिजत 'येदे', 'योदे' झाला. चॉसरच्या लेखणीतून 'येदे'ही उतरतो आणि 'वेंट'ही. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'वेंट'ने गादी बळकावली. 'येदे'ची पुढची गत तर पाहवत नाही. सोळाव्या शतकात एडमंड स्पेन्सर या कवीला जुन्या शब्दांचा भारी सोस. त्याने 'येदे' उकरून काढला, पण तो भूतकाळ आहे हेच त्याच्या ध्यानात राहिलं नाही आणि 'जाणे' या अर्थानेही त्याने तो वापरला. शब्द मेला हे याहून स्पष्ट कसं कळणार?

उत्तरेत स्कॉटलंडकडे लोकांनी वेगळी आणि खरं तर शहाणपणाची वाट धरली. 'जाणे'ला ते 'गे' म्हणत आणि भूतकाळ सरळ 'गेड'. नियमाप्रमाणे. रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत हा 'गेड' भेटतो. पण प्रमाण इंग्रजी ठरली ती लंडनकडची.

नियमाची ओढ इंग्रजांच्या पोरांनाही असतेच. दोन-तीन वर्षांचं मूल आधी ऐकून ऐकून 'वेंट' बरोबर म्हणतं. मग शेपटाला 'एड' लावायची युक्ती सापडली की 'गोड' म्हणायला लागतं. देवनागरीत लिहिल्यावर ही चूक फारच गोड दिसते, हा आपला फायदा. काही काळाने पोर पुन्हा 'वेंट'वर येतं. मोठ्यांच्या तोंडून तो रोज इतक्या वेळा कानावर पडतो की युक्तीचं काही चालत नाही.

इतकी बेशिस्त टिकते ती याच वापराच्या जोरावर. 2007 साली हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा पुढचा प्रवास तपासला. आज त्यातली 98 अनियमित उरली आहेत. कमी वापरातली भराभर नियमात आली. 'हेल्प'चंच बघा. 1611 च्या बायबलमध्ये त्याचं 'होल्पन' असं रूप आहे. आज ते 'हेल्प्ड' होऊन गुमान रांगेत उभं आहे. उलट इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा क्रियापदं सगळीच्या सगळी अनियमित आहेत. सोन्याची नाणी तिजोरीत राहून जुनी दिसतात. ही रोज हातात फिरतात म्हणून जुनी राहिली.

हे वाचून इंग्रजीला हसणाऱ्यांनी जरा थांबावं. 'तो जातो' आणि 'तो गेला'. जातो, जाईन, जावं, जा, आणि मग एकदम गेला? आपल्याला हे कधी खटकत नाही, कारण आपण ते पाठ केलेलं नाही. 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूपासून. सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होणं ही आपली जुनीच खोड: योगीचा जोगी, यात्रेची जत्रा. (जत्रा आणि जाणे ही एकाच 'या'ची लेकरं.) 'गेला' मात्र 'गम्' धातूच्या 'गत'पासून आला. प्राकृतात 'गत'मधला 'त' गळाला, पुढे 'ल' चिकटला आणि 'गेला' झाला. म्हणजे आपणही दत्तकच घेतलाय! फ्रेंचांनी तर कहर केला आहे. 'मी जातो', 'आम्ही जातो' आणि 'मी जाईन' या तीन रूपांना त्यांनी तीन वेगळे धातू लावले आहेत.

गंमत पुढेच आहे. आपल्या 'गम्'चा सख्खा चुलतभाऊ इंग्रजीत 'गो' नाही. तो आहे 'कम'. संस्कृतने ज्या धातूला जायला लावलं, त्यालाच इंग्रजीने यायला लावलं. संस्कृतने पुढे 'आ' जोडून 'आगत' केलं आणि त्यातून आपला 'आला' निघाला. आला आणि गेला एकाच घरचे, आणि येणे-जाणे मात्र दुसऱ्यांकडचे. दारात उभं राहून 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या माणसांना यात काही वावगं वाटू नये.

एका ठिकाणी मात्र आपला घोटाळा होतोच. "मी नागपूरला जाऊन आलोय" हे इंग्रजीत सांगायचं, तर 'गॉन' चालत नाही. साहेब पुण्याला 'गॉन' असतील, तर ते अजून तिकडेच आहेत. परतले असतील, तर 'बीन'. म्हणजे पाढ्यात खरं तर चौथा शब्द हवा, आणि तोही उसना: 'बीन' हा 'बी'चा, आणि 'बी' हा आपल्या 'भू'चा नातलग. 'होणे'ही त्या 'भू'चंच. मराठीत जाऊन यावं लागतं; इंग्रजीत जाऊन 'झालं' की पुरे.

आणि 'वेंड'चं काय झालं? ते अजून शब्दकोशात आहे. रमतगमत वाट चालणे अशा एखाद्या वाक्प्रचारात भेटतं, एरवी नाही. हातचा भूतकाळ गेल्यावर त्याने नवा करून घेतला: 'वेंडेड'. अगदी नियमाप्रमाणे.