गज आणि गळा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अनेक घरांतून संध्याकाळीं व्हायोलिनचा रियाज ऐकूं येतो. तेथील पालक आम्हांस वारंवार एकच प्रश्न करितात : मुलास तें हनुवटीखालीं धरून उभ्यानें शिकवावें, कीं मांडी घालून? प्रश्न आसनाचा दिसतो. पण त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

व्हायोलिन धरण्याची रीत युरोपांतही आरंभापासून ठरलेली नव्हती. लिओपोल्ड मोझार्टनें १७५६ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन तऱ्हा दिल्या आहेत : एक छातीशीं टेकविण्याची, दुसरी मानेशीं धरण्याची. हनुवटीखालचा लाकडी टेका तर लुई श्पोर यानें १८२० च्या सुमारास काढला. डावा हात पट्टीवर वरखालीं फिरत असतां वाद्य ढळूं नये, एवढीच त्यामागील गरज. हेंच वाद्य बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनीं मद्रासेकडे आपल्या संगीतांत आणलें, आणि पुढें आपल्या वादकांनीं त्याच गरजेवर निराळा तोडगा काढिला. मींड आणि गमक यांत बोट तारेवरून अखंड घसरावें लागतें. म्हणून वादक खालीं बसतो, उजवा पाय पुढें घेतो, वाद्याचें डोकें पावलावर टेकवितो आणि डावा हात भारमुक्त करितो. कांहीं जण बोटांस किंचित् तेलही लावितात. पाश्चात्यांच्या चारी तारा ठराविक स्वरांत मिळविलेल्या. आपल्याकडे त्या बहुधा षड्ज-पंचमांच्या जोड्यांत, आणि षड्ज साथीच्या गायकाचा.

मालाडला बॉम्बे टॉकीज (१९३४) आणि गोरेगांवास फिल्मिस्तान (१९४३) निघालीं, त्या काळापासून मुंबईच्या चित्रपटांस मोठा वाद्यवृंद लागूं लागला. त्यांतील व्हायोलिनवाले बव्हंशीं गोमंतकीय ख्रिस्ती होते. ‘ते कागद पाहून वाजविणारे कारागीर, खरे कलावंत ते आपले गायकी अंगाचे,’ असें सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात. हा निवाडा आम्हांस अन्यायाचा वाटतो. गोव्यांतील चर्चच्या शाळेंत मेस्त मुलाच्या हातीं आधीं वाद्य देत नसे. कागदावरचे स्वर प्रथम गळ्यानें म्हणवून घेई. व्हायोलिनला पडदे नाहींत. बोट केसभर चुकलें तर सांगणारा कानच. तो कान गळ्यावांचून तयार होत नाहीं, हें त्या मेस्तांनीं ओळखिलें होतें.

आणि आपल्याकडे तरी निराळें काय झालें? गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांनीं वडील अंतुबुवांपाशीं ग्वाल्हेर गायकी घेतली, आग्रा व जयपूर या घराण्यांची विद्या जोडिली, आणि तें सारें गजावर उतरविलें. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांच्या वादनांत द. वि. पलुसकरांच्या गायकीचें वळण स्पष्ट ऐकूं येतें. त्यांचा गज ख्यालाच्या श्वासाप्रमाणें लांबतो. तेव्हां दोन्ही परंपरांचें मूळ एकच : आधीं गळा, मग गज. आजच्या शिकवण्यांत पहिल्याच दिवशीं मुलाच्या हातीं वाद्य देतात आणि पेटीच्या सुरांवर बोटें बसवितात. परीक्षा लवकर उतरते खरी, पण कान कच्चा राहतो. तेव्हां पालकांस आमचें सांगणें इतकेंच, कीं आसनाची चौकशी मागाहून करावी; मुलाकडून आधीं गाऊन घेतात कीं नाहीं, हें विचारावें.

दोन्ही वाटा जोडूं पाहणारा एक मनुष्य या वाद्यवृंदांतच होता. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हा चर्चमधील संगीतशिक्षकाचा मुलगा. मुंबईस येऊन तो चित्रपटांत व्हायोलिन वाजवूं लागला. प्यारेलाल त्याचे शिष्य. रागांवर बेतलेल्या रचना स्वरलिपींत बांधून त्यानें १९५८ सालीं भारतीय आणि पाश्चात्य वादक एकत्र बसविले. पुढें १९६५ सालीं तो अमेरिकेस गेला. ध्वनिमुद्रिकांवर वाद्यवृंदांतील वादकांचीं नांवें छापण्याची त्या काळीं चालच नव्हती. १९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ आला, तेव्हां प्यारेलालनीं गुरूचें नांव एका गाण्यांत घातलें. तें गाणें गल्लोगल्लीं दुमदुमलें. तें नांव एका व्हायोलिन-शिक्षकाचें आहे, हें मात्र गाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक होतें.